अळीचं वय

निमवाडीत पावसाळ्याच्या बेगमीच्या सुक्या मासळीचा हारा, मोठा टोपला, कुणी माळ्यावरून खाली उतरवला, की तो आधी मथुरेच्या घरापुढच्या खळ्यात यायचा. मथुरा त्यातला एखादा खारा बांगडा उचलायची, पोटाकडची चीर नखाने उघडायची, उन्हाकडे धरून आत बघायची आणि निकाल द्यायची. "बारा दिस झाले किडा लागून. टाक तो. कुत्र्याला पण घालू नको." नाहीतर, "चारच दिस झालेत. ऊन दाखव, झटक. खाल्लास तर मरायचा नायस." लोक हसायचे आणि ती सांगेल तसंच करायचे.

जयगडच्या खाडीच्या आत, बंदरातल्या क्रेन जिथून काड्यांएवढ्या दिसतात, तिथे ही वाडी. वर कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार, खाली खाडी आणि मधल्या उतारावर चाळीसएक घरं. मथुरा आंजर्ल्याहून अठराव्या वर्षी धोंडूशी लग्न होऊन इथे आली. धोंडू तेव्हा मचव्यावर खलाशी होता, पुढे होडीचा प्रमुख, तांडेल झाला. तो आठ-आठ दिवस पाण्यावर आणि ती खळ्यात. मासळी चिरायची, खारवायची, वाळवायची, पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जायची. एसटीत कंडक्टर नाक मुरडून तिला मागच्या सीटवर बसवायचा आणि उतरताना हळूच विचारायचा, "मावशे, सुकट कशी दिलीस?" असल्या माणसांना मथुरा चांगली ओळखून होती.

नवऱ्याशी ती चाळीस वर्षांत फारशी भांडली नाही. भांडली ती किड्याशी. किडा म्हणजे भुंगेराच, तुरीच्या दाण्याहून थोडा लांबट. वरून काळा, उलटा केला तर पोट पांढरं. मासळी ओली आहे तोवर माशीचं राज्य, आणि मासळी सुकली की हा हजर. कुठून येतो कुणास ठाऊक, पण येतो. तो लागल्यावर चौथ्या दिवशी अळी निघते, डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी. आठवडाभरात ती तिळाएवढी होते, पंधरा दिवसांत भाताच्या दाण्याएवढी, तपकिरी, अंगभर केस. वाढताना कात टाकत जाते, आणि मासळीच्या घडीत त्या वाळक्या काती भुशासारख्या साचतात. हे सगळं मथुरेला कुणी शिकवलं नव्हतं. रोज ज्याच्याशी भांडायचं त्याची जन्मतारीख आपोआप पाठ होते.

दोन वर्षांपूर्वी तिच्या दारात सावनी येऊन उभी राहिली. दापोलीला राहून किड्यांवर संशोधन करणारी, पंचविशीतली मुलगी. पायात बूट, पाठीला सॅक आणि गळ्यात दोरीने लटकवलेलं भिंग. म्हणाली, "काकी, तुमच्या मासळीतले किडे मला हवेत."

मथुरेला वाटलं, पोरीला ऊन लागलंय. "अगो बाय, मासळी ने की. किडं वर फुकट देतंय."

सावनीने वरच्या सड्यावर तारेचे पिंजरे मांडले होते आणि त्यांत मेलेल्या कोंबड्या ठेवल्या होत्या. कोणत्या दिवशी कोण खायला येतं ते ती रोज वहीत लिहायची. वाडीतल्या बायकांनी त्या वाटेने लाकडांना जाणं सोडलं. मथुरा मात्र नाकाला पदर लावून बघायला गेली. पहिल्या दिवशी माश्या. मग माश्यांच्या अळ्या, भाताला कढ यावा तशा खदखदणाऱ्या. मग त्या अळ्यांनाच खाणारे चपटे, काळे भुंगेरे. चौथ्या दिवशी कातडं कडक व्हायला लागलं, आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यातून वरून काळा, पोटाला पांढरा असा एक भुंगेरा तुरुतुरु आला. मथुरा ओरडलीच, "अगो, ह्यो तर माजा!"

सावनी हसली. "तुमचाच. बांगडा असो, कोंबडी असो, बैल असो, याला सुकलेलं मांस पाहिजे. पूर्वी इथे जनावर मेलं की गिधाडं उतरायची ना?"

"उतरायची. आता पंधरा-वीस वर्सात एक दिसला नाय."

"मग तेव्हापासून हा सडा कुणी साफ ठेवला? थोडा कुत्र्यांनी, बाकी सगळा यांनी. हाडं तेवढी शिल्लक ठेवतात. हे नसते ना काकी, तर इथे पाय ठेवायला जागा मिळाली नसती."

मथुरेला ते पटलं आणि पटल्याचा रागही आला. ज्याला जन्मभर शिव्या घातल्या तो सड्यावरचा झाडूवाला निघाला होता. तेव्हापासून दोघींचं जमलं. सावनीने तिला स्पिरिट भरलेल्या छोट्या बाटल्या दिल्या. किडा-अळी सापडली की आत टाकायची आणि चिठ्ठीवर तारीख घालायची. मथुरा चौथी शिकलेली, तारीख घालता येत होती. अळी बघून ती दिवस सांगायची, सावनी आधी वहीत लिहायची, मग भिंगातून बघायची, मग मान हलवायची. "पुस्तकापेक्षा तुमचं बरोबर येतं, काकी." मथुरेला जन्मात कुणी इतकं मोठं म्हटलं नव्हतं. ती त्या दिवशी धोंडूला दोनदा जेवायला विचारती झाली.

धोंडूला दोनदा विचारलं तरी चालायचं, कारण पहिलं जेवण तो विसरलेला असायचा. सत्तरी गाठता गाठता त्याचं डोकं भरकटायला लागलं होतं. घरात बसून भरतीची वेळ विचारायचा. मथुरेला कधी आई म्हणायचा, कधी ओळखायचाच नाही. रोज सकाळी उठून धक्क्यावर जायचा, आणि कुणीतरी हाताला धरून त्याला घरी आणून सोडायचं. विसरला नव्हता ती एकच गोष्ट: होडीवर चपला घालून चढायचं नाही. होडी म्हणजे लक्ष्मी. चपला धक्क्यावर काढायच्या, जोडीने, तोंडं घराकडे करून, म्हणजे परत आल्यावर सरळ पायात घालता येतात. निमवाडीत हे पोर चालायला लागलं की शिकतं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका मंगळवारी धोंडू नाहीसा झाला. धक्क्यावर त्याच्या चपला मिळाल्या. जोडीने, तोंडं घराकडे.

पुढे जे झालं त्यात कुणाला दोष द्यायचा? वाडीतल्या कुठल्याही माणसाने त्या चपला बघून तेच म्हटलं असतं. धोंडू पाण्यावर गेला. सहा होड्या निघाल्या. तीन दिवस खाडीच्या तोंडापर्यंत जाळी फिरली. मथुरेचा मुलगा हर्षद जहाजावर नोकरीला, तो नेमका सुट्टीवर घरी होता. तो तीन दिवस होडीतून उतरला नाही. सड्यावर मात्र कुणीही चढलं नाही. दुसऱ्या दिवशी मथुरेच्या मनात एकदा आलं होतं, वरती पण बघायला हवं. पण तिनेच ते झटकून टाकलं. खलाशाला सड्यावर काय काम?

बुडालेला माणूस तिसऱ्या दिवशी वर येतो. धोंडू आला नाही. निमवाडीत पाण्यात गेलेल्याचं प्रेत मिळालं नाही, तर देवीचा कौल घ्यायचा आणि मगच क्रिया धरायची, अशी रीत आहे. काहीजण महिनाभर थांबतात, काही वर्षभर. हर्षद म्हणाला, "आई, आपण आताच कौल लावूया. माझी सुट्टी संपत आलीय. मी गेल्यावर तू एकटी काय करशील? मी असताना सगळं होऊ दे." आईच्या काळजीनेच बोलला तो. मथुरेला ते ठाऊक होतं, म्हणून ती हो म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी महिपत गुरवाने देवीच्या पाषाणावर तगरीच्या दोन ओल्या कळ्या चिकटवल्या, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. प्रश्न हर्षदने घातला. "आमचा माणूस ह्या जगात नाय, असं समजून क्रिया धरायची काय?" महिपतने गाऱ्हाणं घातलं. बऱ्याच वेळाने उजवी कळी सुटली आणि पाषाणावरून घसरत खाली आली.

संध्याकाळी बायकांनी मथुरेला विहिरीवर नेलं. तिथल्या दगडावर तिच्या हिरव्या बांगड्या फोडल्या. कपाळावरचं कुंकू चुलतजावेने पुसलं, ओल्या पदराने, दोनदा, कारण चाळीस वर्षांचं कुंकू एका पुसण्यात जात नाही. मथुरा रडली नाही. तिला त्या वेळी फक्त एवढंच जाणवलं की हात हलके लागतायत.

तेराव्या दिवशी, कौलापासून मोजून दहाव्या, दहावं झालं. खाडीच्या काठावर पिंड ठेवला आणि कावळा इतक्या लगबगीने येऊन शिवला की बायकांचे हात जोडलेलेच राहिले. "तृप्त गेला हो," म्हणाल्या. "काय मागं ठेवलान नाय."

विसाव्या दिवशी धोंडू सापडला. सड्यावर.

वाडीच्या डोक्यावर, चढून गेलं तर वीस मिनिटांवर, रत्नागिरीतल्या एका माणसाची कलमांची बाग आहे. बागेत एक मांगर, जांभ्याच्या भिंती आणि वर पत्रा. हंगामात गडी राहतात, आंबा उतरवून झाला की बंद. यंदा आंबा लवकर आटोपला होता. पावसाआधी पत्र्यावर प्लास्टिक टाकायला दोन गडी गेले, तर दार आतून ढकलून लावलेलं. हवालदार आले. मथुरा आणि हर्षद त्यांच्या मागून चढले. हर्षद आत गेला, एकदा बघितलं आणि बाहेर येऊन आंब्याच्या बुंध्याला धरून उभा राहिला. मग मथुरा आत गेली.

चेहरा ओळखायचा राहिला नव्हता. शर्ट ओळखू आला. त्याचं वरचं बटण तिने निळ्या दोऱ्याने लावलेलं होतं. एक पाय कमरेपासून भलत्याच बाजूला वळलेला. पडला असणार आणि मग उठता आलं नसणार. हाताच्या अंतरावर पाण्याचा पिंप होता, तळाला कोरडा. बाजूला क्रेट, टाकून दिलेल्या डागी आंब्यांचा असणार, आता रिकामा. आणि भिंतीला लागून अकरा कोयी, एका ओळीत, एकीला एक चिकटून. धोंडू जन्मभर असाच आंबे खायचा. होडीवर कचरा पसरलेला त्याला खपायचा नाही.

"गड्यांनी खाल्लेले असतील," कोयींकडे बघून हवालदार म्हणाले. मथुरेचं तिकडे लक्ष नव्हतं.

कारण तिला भुंगेरा दिसला होता. नवऱ्याच्या मनगटाजवळून तो बाहीच्या घडीत शिरला, वरून काळा, पोटाला पांढरा. मथुरेची बोटं तिला न विचारता पुढे झाली आणि त्यांनी ती घडी नखाने उघडली, बांगड्याची चीर उघडावी तशी. आत अळ्या होत्या. जेमतेम दिसणाऱ्या. तिळाहून बारीक. तिने कॉलर उलटून बघितली. खिसा बघितला. कमरेची घडी बघितली. मोठी अळी एकही नव्हती. कात नव्हती. भुस्सा नव्हता.

अंग सुकून भुंगेरा यायला चार दिवस. त्यानंतर अळी निघायला चार. आठ. फार तर आठ. आणि आज विसावा.

बाराव्या दिवशी आपण काय करत होतो, ते तिला तिथेच आठवलं. दुसऱ्या दिवशीच्या दहाव्यासाठी ती ओटीवर तांदूळ निवडत बसली होती.

पिशवीत सावनीची एक बाटली असायचीच. मथुरेने दोन भुंगेरे आणि चिमूटभर अळ्या आत टाकल्या आणि झाकण फिरवलं. का टाकल्या ते तिला सांगता आलं नसतं. मान वर केली तर दारात हर्षद उभा होता.

धोंडूला दुसऱ्यांदा पोचवलं. एकदा क्रिया झालेल्या माणसाची पुन्हा क्रिया करायची का, यावर वाडीत दोन तट पडले आणि चहाच्या तीन फेऱ्या झाल्या. तालुक्याच्या डॉक्टरांनी पंधरा ते वीस दिवस असं मोघम लिहून दिलं. महिपत गुरव स्वतः घरी आला, ओटीवर बसला आणि म्हणाला, "देवीनं खोटं सांगितलान नाय, वैनी. माणूस ह्या जगात नाय म्हणाली, तर नव्हताच. कुटं गेला ता तुमी इचारलंतच नाय." त्याचा आवाज मात्र नेहमीसारखा चढा नव्हता. त्यालाही रात्रीची झोप लागत नसावी.

हर्षदने तर अन्न सोडलं. मुंडण केलेलं त्याचं डोकं काळंभोर उगवायला लागलं होतं, आणि तो सारखा त्यावरून हात फिरवायचा. तिसऱ्या दिवशी तो आईसमोर येऊन बसला.

"आई, बाबा पहिल्याच दिवशी गेले ना?"

"डॉक्टरनं काय ता लिवलंय."

"त्यात काहीच लिहिलेलं नाहीये. पंधरा काय, वीस काय. पंधरा असतील तर मी कौल लावला तेव्हा ते जिवंत होते." त्याने पुन्हा डोक्यावरून हात फिरवला. "आई, कौल मी लावायला लावला. प्रश्न मी घातला. होड्या मी परत बोलावल्या. ते जर वर पडून होते, हाका मारत असतील, आणि मी इथे डोकं भादरून बसलो असेन, तर... मला जहाजावर जायचं नाही. मला कुठेच जायचं नाही मग."

मथुरेने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. ती पोराला ओळखून होती. तो बापासारखा, एकदा मनात नांगर पडला की निघायचा नाही. आणि जहाजाच्या कठड्यापलीकडे नुसतं पाणी असतं.

"तू त्या बाटलीत अळ्या घेतल्यास ना?" तो म्हणाला. "त्या सावनी मॅडमना देऊया. त्या बघून दिवस सांगतात म्हणालेलीस. मी फोन केलाय, उद्या येतायत. मला एकदा खरं कळू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षद कागदांसाठी पोलीस ठाण्यात गेला. मथुरा मागच्या पडवीत शिरली. तिथे बांगड्यांचा एक हारा होता, कौलाच्या दिवसापासून कुणी हात न लावलेला. सुतकात मासळीला ऊन कोण दाखवणार? झाकण उचललं तर आत भुस्सा आणि अळ्यांची वळवळ. चाळीस वर्षांत तिच्या हाऱ्याची अशी दशा झाली नव्हती.

ती खाली बसली आणि निवडायला लागली. वीस दिवसांची अळी नको, तिने सोंग उघडं पडेल. आठवड्याची नको. भाताच्या दाण्याएवढ्या, पंधरा दिवसांच्या, नेमक्या तेवढ्याच पाहिजेत. तिने एकेक उचलली, फुंकरून साफ केली, पदराला पुसली. जन्मभर जे ज्ञान लोकांना खरं सांगायला वापरलं, ते आता असं वापरताना तिचे हात जराही थरथरले नाहीत. कामाची सवय वाईट असते.

मांगरातल्या अळ्या तिने दुसऱ्या बाटलीत ओतल्या आणि त्यांच्या जागी या टाकल्या. त्या फेकायला मात्र हात धजेना. चपला खोट्या निघाल्या होत्या. कळी खोटी, कावळा खोटा, डॉक्टरचा कागद मोघम. धोंडूजवळ शेवटी जे आले आणि ज्यांनी खरं तेच सांगितलं, ते एवढेच. तिने ती बाटली कुंकवाच्या करंड्यात ठेवली. आता त्या करंड्याला हात कोण लावणार होतं?

सावनी आली, मथुरेच्या गळ्यात पडून रडली, आणि बाटली घेऊन दापोलीच्या एसटीत बसली. दोन दिवसांनी तिचा फोन आला. हर्षदने आवाज मोठा करून फोन ओटीवर ठेवला.

"हर्षद, मी नीट बघितलं," सावनी म्हणाली. "अठरा-एकोणीस दिवस. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच गेले असणार काका. तुम्ही शोधत होतात तेव्हा ते नव्हतेच."

हर्षद खांबाला टेकून ढसाढसा रडला. तीन आठवड्यांचं रडणं होतं ते. रडून झाल्यावर त्याने आईकडे जेवायला मागितलं. मथुरेने भात वाढला आणि तो खाईपर्यंत समोर बसून राहिली.

"आई, म्हणजे देवीने खरं सांगितलं."

"व्हय रे बाबू. खरंच सांगितलान."

त्याने देवळात नारळ ठेवला. महिपतने तो इतक्या आनंदाने फोडला की अर्धी भकलं देवळाबाहेर उडाली. चार दिवसांनी हर्षद बॅग घेऊन निघाला. एसटीच्या खिडकीतून त्याने हात हलवला तेव्हा तो हसत नव्हता, पण माणसात आलेला होता. मथुरेने ते डोळे भरून बघितलं आणि मनातल्या मनात किड्यांची क्षमा मागितली.

त्यानंतर आठवड्याने, ढग यायला लागले असताना, सावनी एकटीच आली. मथुरा खळ्यात उरलेले बांगडे उलटे करत होती. सावनी बूट काढून तिच्या बाजूला जमिनीवरच बसली. तीही बांगडे उलटे करायला लागली.

"काकी," ती म्हणाली, "त्या बाटलीतल्या एका अळीच्या केसांत बांगड्याचा खवला होता."

मथुरेचा हात थांबला. पुसल्या होत्या तरी एक राहिलाच. "मंग हर्षदला का नाय सांगितलंस?"

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

मथुरा उठली, आत गेली, आणि करंड्यातली बाटली घेऊन आली. ती तिने सावनीच्या हातात दिली.

"ह्या खऱ्या. मी आठ दिस म्हटलंय. पण माजे डोळे आता म्हातारीचे. त्या दिवशी आत उजेड पण नव्हता. चुकलं असेल माजं. तू तुज्या भिंगानं बग." मग जे तिने मुलाला सांगितलं नव्हतं, जावेला सांगितलं नव्हतं, देवीलाही सांगितलं नव्हतं, ते तिच्या तोंडून बाहेर पडलं. "बाय, मी चौथ्या दिसाला कुकू पुसलं. ह्ये वर आंबं खात व्हते, पिंपातलं पाणी पीत व्हते, आणि मी बांगड्या फोडून बसले. जित्या नवऱ्याची रांड झाले मी. ता तेवडं खोटं असू दे. तू बग."

सावनीने बाटली उन्हाकडे धरली. गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. मथुरा आपल्या मोकळ्या मनगटावर बोटं गुंडाळून तिच्या तोंडाकडे बघत राहिली. आजवर आपलं बरोबर आलं म्हणून ती खूश व्हायची. आज आयुष्यात पहिल्यांदा आपण चुकलेलो असावं म्हणून तिचा जीव तळमळत होता.

सावनीने भिंग खाली केलं.

"अठरा," ती म्हणाली. "तुमचं चुकलं, काकी. पत्र्याखाली उष्णता फार असते ना, पहिली अंडी करपतात. मग भुंगेरे दुसरी घालतात. म्हणून अळ्या लहान दिसल्या. अठराच दिवस आहेत. तुम्ही कुंकू पुसलंत त्याआधीच काका गेले होते." ती भराभर बोलली, आणि बोलताना बाटलीच्या झाकणाकडे बघत होती.

दोन वर्षं मथुरेने या मुलीला बघितलं होतं. सावनी आधी वहीत लिहायची आणि मग बोलायची. आज तिची वही सॅकमधून बाहेर आलीच नव्हती.

"बरं झालं गो बाय," मथुरा म्हणाली. "जीवाचा घोर गेला."

तिने सावनीसाठी सहा बांगडे निवडले. एकेकाची चीर नखाने उघडून बघितली, वर्तमानपत्रात गुंडाळले, सुतळीने बांधले. "घे. ह्यांना किडा नाय. बगून दिलंय." सावनीने पुडकं छातीशी धरलं, खाली वाकून तिच्या पाया पडली आणि मागे न बघता एसटीच्या वाटेला लागली.

ती वळणाआड गेल्यावर मथुरेने तो आकडा एकदा मोठ्याने म्हणून बघितला. "अठरा." मग वर ढग दाटत होते म्हणून उरलेले बांगडे गोळा करायला लागली.